यात्रेतले फुगे आणि खरी नेमबाजी

प्रश्न : मुलगा 9 वर्षांचा आहे. एकवीरादेवीच्या यात्रेत त्याने छर्ऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडले, तेव्हापासून ‘मला नेमबाजी शिकव’ असा हट्ट धरलाय. वय योग्य आहे का?
– एक पालक, देवपूर, धुळे

उत्तर : हट्ट चांगला आहे, घाई नको. माझ्या मते 11-12 व्या वर्षी सुरुवात करावी. स्पर्धेच्या एअर रायफलचं वजन 4 ते 5 किलो असतं. ती उभ्याने पेलताना पाठ मागे व बाजूला झुकते आणि वाढत्या कण्यावर ताण येतो. म्हणून आधी टेबलावर आधार देऊनच नेम शिकवतात. पण वयापेक्षा मी एकच गोष्ट बघतो : ‘थांब’ म्हटल्यावर मूल त्याच क्षणी थांबतं का? नसेल, तर वर्षभराने या.

पहिले धडे कंटाळवाणे असतात. नळी कायम लक्ष्याकडे, बोट ट्रिगरबाहेर, सांगितल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. दहा मीटरवरच्या रायफलच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. तिथे यात्रेतली मर्दुमकी चालत नाही!

पॅरिस 2024 मध्ये कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे घडला तो आपल्या शेजारच्या नाशकात, क्रीडा प्रबोधिनीत. दुसरी वाट एनसीसीची : धुळे-जळगावच्या ज्या शाळांत एनसीसी आहे, तिथे आठवी-नववीपासून तिच्यात प्रवेश मिळतो. नेमबाज अंजली भागवत एनसीसीतूनच पुढे आल्या.

तोवर घरी बंदूक आणू नका, गच्चीवर डबे मांडून नेमबाजी तर मुळीच नको.