उरणाऱ्या मूत्रपिंडासाठी

१. लाल लघवी दिसली की आपण आधी गोचीडताप समजतो. मीही तेच औषध दिलं. दर्यापूर तालुक्यातली संकरित गाय, दुसरं वेत, वार अडकलेली. आठ दिवस वाया गेले. गोचीडतापात लघवी कॉफीच्या रंगाची, एकसारखी असते. हिच्या लघवीत रक्ताच्या गुठळ्या होत्या, पू होता आणि मुतताना ती पाठ वाकवून कुंथत होती. लघवी काचेच्या बाटलीत धरून उजेडात बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

२. गुदमार्गातून हात घालाच. कोठीपोटाने उजवीकडे ढकललेलं डावं मूत्रपिंड बोटांना लागतं. निरोगी असेल तर सीताफळासारखं, वीसेक पाकळ्यांचं. हिचं सुजून मोठं झालेलं, खाचा बुजलेल्या, मूत्रवाहिनी बोटाएवढी जाड.

३. हा जंतुसंसर्ग बहुधा विण्यानंतर मूत्राशयातून वर चढतो. पेनिसिलिन किमान तीन आठवडे लागतं. पाचव्या दिवशी लघवी निवळली म्हणून थांबू नका.

४. औषधाने हटलं नाही, तर शस्त्रक्रिया. मालक म्हणाले, “डाक्टरसाहेब, एका गुर्द्यावर ते जगन काय?” खारपाणपट्ट्यातलं घर, थोरला भाऊ डायलिसिसवर, क्रिएटिनिन हा शब्द त्यांना समजावावा लागला नाही. गाईचं दुखणं खारपाण्यानेच झालं असं त्यांना वाटत होतं. मला तसं वाटत नाही, पण त्या दिवशी मी वाद घातला नाही. उत्तर दुसऱ्या मूत्रपिंडात होतं. रक्तातलं युरिया, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी पाहिल्याशिवाय चाकू धरायचा नाही, आणि दोन्हीकडे रोग असेल तर मुळीच नाही. ही सोय अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेसारख्या ठिकाणी असते. गोठ्यात हे धाडस नको.

५. हिचं उजवं चांगलं निघालं. एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांसोबत मी हात धुतले. गाय उभीच, मणक्यालगतच्या नसांना लिग्नोकेनची भूल, उजव्या कुशीत छेद. डाव्या मूत्रपिंडालाही वाट इकडूनच, हे पुस्तकात वाचलं होतं. हाताला त्या दिवशी पटलं. चरबीतून ते सोडवताना घाई केली तर फाटतं आणि पू पोटात सांडतो. धमनी आधी, मग शीर, दोन्हींना दुहेरी गाठ. मूत्रवाहिनी जमेल तितकी मूत्राशयाजवळ बांधायची, नाहीतर मागे उरलेल्या तुकड्यात रोग राहतो. त्या धमनीची गाठ सुटली तर गाय काही मिनिटांत जाते. ती आवळताना माझा श्वास अडकला होता.

६. नंतर जेंटामायसिन नको. वेदनाशामकही मोजूनच, अंगात पाणी पुरेसं असताना. औषधाचा काळ संपेपर्यंत दूध घरात किंवा डेअरीत जाऊ देऊ नका.

चौथ्या दिवशी पहाटे फोन आला. “मुतली, साहेब. एकदम सफा.”