आडूची पेटी घरी आली की

आमच्या घरी वटपौर्णिमेच्या वाणात आंब्याच्या जोडीला आडूही असतात. आडू म्हणजे पीच. हिमाचल-उत्तराखंडाकडचा हा नाजूक माल ग्वाल्हेरला येतो तो मे-जूनमध्ये, नेमका पारा 45 अंशांकडे सरकत असताना. गेल्या वर्षी सराफा बाजारातल्या एका गाडीवरून पेटी घेतली. वरचा थर लालबुंद, टवटवीत. संध्याकाळी सासूबाईंनी मधला कागद उचलला, तर खालचा पुठ्ठा ओला, आंबूस वास आणि काही फळांवर पांढरट तंतूंचं जाळं, त्यावर बारीक काळे ठिपके. बोट लावताच साल सुटून हातात आली.

ही रायझोपस बुरशी. धडधाकट सालीतून ती सहसा आत शिरत नाही. तिला खरचटलेली, चिरलेली जागा लागते. पण एकदा शिरली की टेकलेल्या शेजारच्या फळालाही सोडत नाही. म्हणून पेटी आली की आधी ती पूर्ण रिकामी करा, बाकी कामं मागाहून. देठाजवळ फट असलेली, दबलेली फळं वेगळी काढून त्याच दिवशी संपवा. बुरशी लागलेलं फळ सरळ टाका. तेवढा भाग कापून उरलेलं मुलांना देऊ नका. मऊ गरात बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते. आणि धुवायचे ते खाताना. ओले ठेवलेले आडू लवकर कुजतात.

थंडीत ही बुरशी वाढत नाही, म्हणून सगळी पेटी फ्रिजमध्ये कोंबावीशी वाटते. कडक आडूचं त्यानं नुकसानच होतं. शीतगृहात ते शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. घरचा फ्रिज असतो चार-पाच अंशांवर, आणि दोन ते आठ अंशांच्या गारव्यात काही दिवस राहिलेल्या आडूचा गर पुढे कोरडा, पिठूळ होतो, बाठीभोवती तपकिरी पडतो. बाहेरून काहीच कळत नाही. कडक फळं परातीत कागदावर, एकमेकांना न टेकता, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. वास सुटला, हलकं दाबल्यावर फळ दबलं, की मगच फ्रिज, तोही एक-दोन दिवसांपुरता.

घेताना लालीवर जाऊ नका, ती फार फसवी. लालीमागचा रंग पाहा. तो हिरवा असेल तर फळ कच्चं तोडलेलं आहे. ते मऊ पडेल, गोड होणार नाही. पिवळसर किंवा सायीच्या रंगाचं घ्या. आणि गाडीवाल्याला खालचा थर दाखवायला सांगा. तो नको म्हणाला तर पेटी घेऊ नका, हातानं निवडून लागतील तेवढीच फळं घ्या.