नाइन-बॉल पूल: सरावाचा धडा कसा निवडावा



गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, “सर, नाइन-बॉल शिकण्यासाठीं कोणतें पुस्तक वाचूं?” त्याच्या वडिलांनीं आठवड्यांतून दोन दिवस गांवांतील एका क्लबाच्या टेबलावर खेळण्याची परवानगी त्यास दिली होती; मात्र सहामाहीपर्यंत कांहीं प्रगति दिसली नाहीं तर ती काढून घेऊं, अशी अट होती. आम्हीं फारसा विचार न करितां आमच्या कपाटांतील सर्वांत जाड पुस्तक त्याच्या हातीं दिलें. महिन्यानें तो परत आला. पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलें, खेळ मात्र होता तेथेंच. चूक त्याची नव्हती, आमची होती. वाचावयाचें पुस्तक आणि करावयाचा धडा यांतील भेद आम्हीं त्यास सांगितला नव्हता. तोच येथें सांगावयाचा आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. नाइन-बॉल हा अमेरिकेंत रूढ झालेला पूल खेळाचा एक प्रकार आहे. हिरव्या बनातीच्या टेबलास सहा पॉकेटें असतात. १ ते ९ अंकांचे नऊ रंगीत चेंडू व क्यूनें मारावयाचा एक पांढरा चेंडू, एवढें साहित्य. टेबलावर उरलेल्यांपैकीं सर्वांत लहान अंकाच्या चेंडूस पांढऱ्या चेंडूचा प्रथम स्पर्श झाला पाहिजे. नियमानें खेळून नऊ अंकाचा चेंडू जो पॉकेटांत घालील तो जिंकला. नियमभंग झाला तर प्रतिस्पर्ध्यानें पांढरा चेंडू उचलून वाटेल तेथें ठेवावा. क्रम असा ठरलेला असल्यामुळें चेंडू पॉकेटांत घालणें हें अर्धेंच काम होय; पांढरा चेंडू पुढील फटक्यास सोयीच्या जागीं थांबविणें हें उरलेलें अर्धें. म्हणून चमत्कारिक फटक्यांपेक्षां चार नेहमींच्या फटक्यांचीच किंमत येथें अधिक आहे.

पहिला, जागीं थांबण्याचा फटका. पांढरा चेंडू, रंगीत चेंडू व पॉकेट एका सरळ रेषेंत ठेवावीं. धडकीच्या क्षणीं पांढरा चेंडू लोळत नसेल, नुसता घसरत असेल, तर तो आपली जवळजवळ सर्व गति समान वजनाच्या रंगीत चेंडूस देऊन जागींच थांबतो. अंतर थोडें असेल तर क्यूचें टोंक मध्यावर लावावें. अंतर वाढेल तसें किंचित् खालीं लावावें, कारण बनातीच्या घर्षणानें चेंडू वाटेंतच लोळूं लागतो.

दुसरा, कोनांतून मारण्याचा फटका. कॅरम खेळणाऱ्या आपल्या मुलांस हा निराळ्या रूपानें ठाऊकच आहे. सोंगटीच्या बाजूस स्ट्रायकर लावून ती तिरपी नेणें तें हेंच. पॉकेटाच्या मध्यापासून रंगीत चेंडूच्या मध्यांतून मनानें एक रेघ ओढून पलीकडे वाढवावी. त्या रेघेवर रंगीत चेंडूस टेकून दुसरा एक चेंडू आहे असें कल्पावें. पांढरा चेंडू नेमका त्या कल्पित चेंडूच्या जागीं पोंचला पाहिजे. चेंडूचा व्यास सुमारें ५७ मिलिमीटर. म्हणून दोहोंच्या मध्यांतील अंतरही तेवढेंच. नवशिका रंगीत चेंडूवरील स्पर्शबिंदूकडेच नेम धरितो, त्यामुळें फटका अधिक भरीव बसून चेंडू चुकतो.

तिसरा व चौथा, अनुक्रमें पांढरा चेंडू पुढें नेण्याचा आणि मागें ओढण्याचा फटका. पहिल्यांत क्यूचें टोंक मध्याच्या वर लागतें, दुसऱ्यांत बरेंच खालीं. कोनांतून खेळतांना एक नियम ध्यानांत ठेवावा: पांढरा चेंडू घसरत आला तर तो रंगीत चेंडूच्या मार्गाशीं काटकोनांत निघतो, लोळत आला व धडक मध्यम भरीव असली तर आपल्या मूळ दिशेपासून सुमारें ३० अंश वळतो. भूमितीचा तास कोठें उपयोगी पडतो, असें विचारणाऱ्यांस हें उत्तर पुरे व्हावें. फ्रेंच गणिती कोरिओलिस यांनीं तर १८३५ सालीं बिलियर्डच्या गतिशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

आतां साहित्याकडे वळूं. रॉबर्ट बर्न यांचें ‘स्टँडर्ड बुक ऑफ पूल अँड बिलियर्ड्स’ (१९७८) व फिलिप कॅपेल यांचें ‘प्ले युवर बेस्ट पूल’ (१९९५) हीं इंग्रजी पुस्तकें आकृत्यांसाठीं चांगलीं. कारणमीमांसा पाहिजे असल्यास कोलोरॅडो येथें यंत्रशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड अल्सियाटोर यांचें २००४ सालचें पुस्तक पाहावें. चलच्चित्रांतून शिकविणारे तर आतां पुष्कळ झाले आहेत. उणीव साहित्याची नाहीं, निवडीची आहे. कोणताही धडा हातीं आला कीं त्यास चार प्रश्न विचारावे. चेंडू नेमके कोठें ठेवावे हें त्यांत सांगितलें आहे काय? क्यूचें टोंक कोठें व किती जोरानें लावावें हें आहे काय? पांढरा चेंडू कोठें थांबावा हें दाखविलें आहे काय? आणि दहा प्रयत्नांपैकीं किती साधले म्हणजे पुढें जावें हें सांगितलें आहे काय? पहिल्या तिहींचें उत्तर नसेल तर तें वाचन होय, धडा नव्हे. चौथें नसेल तर तें आपण स्वतः ठरवावें.

पहिल्या प्रश्नासाठीं एक सोपी युक्ति आहे. टेबलाच्या कडेवर खुणा असतात. त्यांनीं लांब बाजूचे आठ व आंखूड बाजूचे चार समान भाग होतात. नऊ फुटी टेबलाची खेळण्याची जागा १०० इंच लांब व ५० इंच रुंद असते. म्हणजे प्रत्येक भाग साडेबारा इंचांचा. गणिताच्या चौकटींच्या वहींत आठ बाय चार घरांचा आयत काढला कीं टेबलाचा नकाशा तयार. पुस्तकांतील आकृति त्यांत उतरून घ्यावी. टेबलावर चेंडूच्या जागीं, फाइलच्या कागदांच्या भोंकांस लावतात ती चिकट कागदी कडी लावावी. म्हणजे दहाही वेळां चेंडू त्याच जागीं बसतो.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं पुनः बोलाविलें व थांबण्याचा फटका दहांतून किती वेळां साधतो, असें विचारिलें. “सात-आठ वेळां,” तो म्हणाला. मोजून पाहिलें तेव्हां चार भरले. त्याचा चेहरा पडला. मग आम्हीं क्यू हातीं घेतला. आमचे पांच भरले! आम्हीही इतकीं वर्षें सात-आठच समजत होतों. त्या दिवसापासून त्यानें जाड पुस्तक बाजूस ठेविलें. त्यांतील चारच आकृत्या वहींत उतरल्या, प्रत्येकीखालीं तारीख व दहांपैकीं साधलेला आंकडा लिहिला. चार, तीन, पांच, चार, सहा असे ते आंकडे चढत-उतरत गेले. थांबण्याचा फटका सलग तीन दिवस आठ वेळां साधला, तेव्हांच तो तीन चेंडू क्रमानें घालण्याच्या सरावाकडे वळला.

सहामाहीस वडिलांनीं विचारिलें, तेव्हां त्यानें किती डाव जिंकले हें सांगितलें नाहीं. वही पुढें केली. तींत तीनचाही आंकडा होता, तो त्यानें खोडला नव्हता. वडिलांनीं पानें उलटून पाहिलीं आणि परवानगी कायम ठेविली.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलगा कोणताही खेळ वा विद्या शिकत असो, “जिंकलास काय?” असें विचारण्यापूर्वीं “वही दाखव” असें म्हणावें. आणि मित्रहो, पुस्तक कितीही थोर असो, त्यांतील एक पान टेबलावर उतरेपर्यंत दुसरें उलटूं नका.