दातांची तार आणि पाळीचे दिवस

आपल्या वस्त्यांतल्या मुलींच्या दातांना आता तार दिसू लागली आहे. ही चैन नव्हे. वेड्यावाकड्या दातांत अन्न अडकते, कीड लागते, घास नीट चावता येत नाही. मुंबईत नायरचे दंत महाविद्यालय, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये येथे हा उपचार खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होतो. पण तो दीड-दोन वर्षे चालतो. दुखण्याला कंटाळून काही मुली मध्येच सोडून देतात. पैसा जातो, दातही परत फिरतात. या दुखण्यात पाळीचा वाटा असू शकतो, हे घरात बोलले जात नाही. म्हणून आज हा विषय घेत आहोत.

तार आवळली की का दुखते?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचे वेष्टन असते. तारेचा दाब पडला की तिथे थोडी सूज येते आणि प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन तयार होते. त्यामुळे एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे भरते आणि दात सरकतो. दुखणे साधारण २ ते ४ तासांनी सुरू होते, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि ५ ते ७ दिवसांत ओसरते.

पाळीचा संबंध कुठे येतो?

पाळीत ओटीपोटात कळा येतात, त्याही प्रोस्टाग्लँडिनमुळेच. दुखणे दोन ठिकाणी, कारण एकाच जातीचे. शिवाय पाळी येण्याआधी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके एकदम उतरतात. या दिवसांत अनेकींना झोप कमी लागते, अंग दुखते, हिरड्या हुळहुळतात, काहींना तोंड येते. अशा वेळी तार आवळली तर तेवढ्याच दाबाचे दुखणे जास्त जाणवू शकते. प्रत्येकीला तसे होईलच असे नाही. अभ्यासांचे निष्कर्षही सारखे नाहीत. पण मुलगी सांगते तेव्हा ते नाटक समजू नये.

कॅलेंडरवर खूण करा

पुष्कळ ठिकाणी तार दर ४ आठवड्यांनी आवळतात. पाळीही अनेकींना सुमारे २८ दिवसांनी येते. म्हणजे पहिली तारीख पाळीच्या तोंडावर पडली, तर पुढच्याही तारखा तिथेच पडत राहतात. मुलीला वाटते, तार म्हणजे दर वेळी असह्यच. उपाय साधा आहे. दोन-तीन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीचा पहिला दिवस आणि तार आवळल्याचा दिवस, दोन्ही लिहा. ते जवळजवळ येत असतील तर डॉक्टरांना सांगून एकदाच तारीख आठवडाभर पुढे घ्या. पाळी संपल्यानंतरचा आठवडा बहुतेकींना सोपा जातो.

मात्र पाळी आली म्हणून तारीख चुकवू नका. तपासणीला पाळीची काही अडचण नसते. विटाळ आपण मानत नाही, मग डॉक्टरांपुढे पाळीचा शब्द उच्चारायला संकोच कशाला?

घरी काय करावे?

१. तोंडात गार पाण्याचा घोट धरावा; पोटावर गरम पाण्याची पिशवी. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरावी.

२. तार टोचत असेल तर दवाखान्यातून मिळालेले मेण लावावे. घरी पक्कडीने कापू नये.

३. तारेच्या दुखण्यासाठी बहुधा पॅरासिटामॉल सुचवतात. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन कमी करते, म्हणून पाळीच्या कळांना लागू पडते. पण सतत घेतल्यास दात सरकणे मंदावू शकते. ते उपाशीपोटी घेऊ नये. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

४. चावता येत नाही म्हणून उपाशी राहू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांत रक्त कमी आढळले. पाळीत रक्त जाते आणि त्याच आठवड्यात मुलगी चहा-बिस्किटावर राहिली, तर अशक्तपणा वाढतो. मुगाची मऊ खिचडी, पालक घालून डाळ, त्यात कुस्करलेली भाकरी, अंडे, नाचणीची आंबील, मऊ शिजवलेली कलेजी द्यावी. वरून लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा टाळावा.

५. हिरड्यांतून रक्त आले तरी ब्रश बंद करू नये. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासावे.

हे पाळीवर ढकलू नका

दात आठवड्यानंतरही ठणकतो, गालाला सूज, पू किंवा ताप आहे, दात फार हलतो, तर दंत डॉक्टरांकडे लगेच जावे. तासाला पॅड भिजत असेल किंवा कळांनी उठवत नसेल, तर स्त्रीरोग डॉक्टरांकडे.

आयांना आमचे सांगणे एवढेच: पुढच्या तारखेला मुलीबरोबर ते कॅलेंडरही न्या. वडिलांनीही ते पाहायला हरकत नाही.