बिनदाराची जीप

जीप मुळात दारांशिवायच जन्माला आली. १९४१ पासून अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी महायुद्धासाठी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. सैनिकाला झटकन चढता-उतरता यावे म्हणून त्यांच्या बाजू उघड्या ठेवल्या होत्या आणि दाराच्या जागी आडवा कापडी पट्टा अडकवण्याची सोय होती. १९४७ मध्ये महिंद्रने भारतात विलिस जीपची जुळणी सुरू केली तीही याच घडणीची. त्यानंतरच्या कित्येक वर्षांत खेड्यापाड्यांतून फिरलेल्या जीपगाड्या ताडपत्रीच्या हुडावर आणि कापडी पडद्यांवरच चालल्या. सोलापूर जिल्ह्यात वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपमधून एक पाय आत, एक बाहेर ठेवून बाजाराला गेलेली माणसे आजही गावोगाव भेटतात. त्यामुळे उघड्या जीपची भीती या भागाला फारशी वाटत नाही, आणि सावधगिरीची गरज इथूनच सुरू होते.

वडापच्या काळातला रस्ता अरुंद होता आणि गाडीला वेग नव्हता. २०२० च्या ऑक्टोबरात बाजारात आलेल्या महिंद्रच्या नव्या थारनंतर मात्र शेतकरी घरांतल्या तरुणांच्या हाती ताशी शंभरचा वेग सहज गाठणारी, चारही चाकांना जोर देणारी गाडी आली. तिच्या दारांची बिजागरी बाहेरून दिसते, त्यामुळे ती दारे काढण्यासाठीच आहेत असा समज होतो. परदेशी बनावटीची जीप रँग्लर, जिची जुळणी २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावला होते, तिची दारे खरोखरच मालकाने काढता येतील अशी बनवलेली असतात. पण तिच्याही पुस्तिकेत दारे काढून गाडी चालवण्याची मुभा सार्वजनिक रस्त्याबाहेरच्या वापरापुरती आहे. ज्या गाडीच्या पुस्तिकेत दार काढण्याची कृतीच दिलेली नाही, तिच्या बाबतीत प्रश्न तिथेच संपायला हवा. प्रत्यक्षात तो संपत नाही. दारे काढलीच जातात, म्हणून दार नेमके काय काम करते ते समजून घेणे भाग आहे.

दार म्हणजे पत्र्याचे झाकण, हा सर्वांत महागात पडणारा समज. दाराच्या पोटात आडवी पोलादी दांडी असते. बाजूने धडक बसली की ती धक्का झेलते आणि पुढच्या-मागच्या खांबांकडे वळवते. दार बंद असताना कुलपाची पकड आणि बिजागरी मिळून हे दोन खांब एकमेकांना बांधून ठेवतात. दार काढले की बसणाऱ्याच्या मांडीपासून खांद्यापर्यंतच्या भागासमोर काहीच उरत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत थारला प्रौढ आणि बालक या दोन्हींच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. ते दारे जागेवर असलेल्या गाडीला मिळालेले आहेत. दारे काढलेल्या गाडीला ते लागू होत नाहीत.

आरशांचे तसेच आहे. आजच्या बहुतेक गाड्यांचे बाहेरचे आरसे दारालाच जोडलेले असतात. दारे खाली उतरवली की मागून येणारे वाहन दिसायचे बंद होते आणि वाऱ्याच्या घोंघाटात त्याचा हॉर्नही नीट कानावर येत नाही. काचा, कुलूप, दार उघडे असल्याचा इशारा देणारा दिवा या सगळ्यांच्या तारा दारातून जातात. काही गाड्यांत बाजूच्या धडकेची जाणीव करून देणारा सेन्सरही दाराच्या पोकळीत असतो. तो निघाला की एअरबॅग वेळेवर उघडेल याची हमी राहत नाही.

सीटबेल्टचा पट्टा बहुतेक गाड्यांत मधल्या खांबावर असतो, त्यामुळे दार काढले तरी तो शाबूत राहतो. बिनदाराच्या गाडीत माणसाला आत धरून ठेवणारी तेवढी एकच वस्तू उरते. त्याचे गणित साधे आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने २५ मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर बसलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूला त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्म्या जोराचा रेटा जाणवतो. ६० किलोच्या माणसाला सुमारे ३० किलोचा. त्याच वळणावर वेग ताशी २० केला की रेटा पावपट होतो. एरवी दाराला खांदा टेकतो आणि हा रेटा जाणवतही नाही. दार नसले की डाव्या वळणाला चालक आणि उजव्या वळणाला शेजारचा माणूस उघड्या बाजूकडे ढकलला जातो. त्यातही चालक घसरू लागला तर तो स्टिअरिंगलाच धरून लोंबकळतो आणि गाडीची दिशा त्याच्या हाती राहत नाही. कंबरेपुरता पट्टा असलेल्या जुन्या जीपमध्ये धड बाहेर झुकतेच, म्हणून अशा गाडीत दारे काढण्याआधी खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा जाणकार मेस्त्रीकडून मजबूत जागी बसवून घेणे आवश्यक ठरते. दाराच्या जागी साखळी किंवा दोर बांधण्याची जुनी रीत आहे. तिने मनाला धीर येतो, माणूस मात्र तिच्यावरून किंवा तिच्याखालून सहज निसटतो.

गाडी उलटण्याचा धोका यापेक्षा भयंकर. उंच, आखूड गाडी बांधावरून तिरकी उतरताना एका कुशीवर कलते, तेव्हा माणसाचा हात आपोआप जमिनीकडे जातो. पडताना हात पुढे करणे हा शरीराचा स्वभाव आहे, त्यावर विचाराचा ताबा चालत नाही. दार असते तर हात आत राहिला असता. दार नसेल तर तो गाडीच्या कडेखाली किंवा रोलबारखाली सापडतो. म्हणून बिनदाराच्या गाडीत बसणाऱ्याला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे लागते, की गाडी कलली तर हात छातीशी घ्यायचे, पाय पुढे रेटायचे आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. बांध किंवा ओढ्याची दरड ओलांडायची ती सरळ, तिरकी कधीच नाही. सरळ जाता येत नसेल तर ती जागा दारे बसवूनसुद्धा ओलांडण्याजोगी नाही असे समजावे.

कायद्याची बाजूही ठाऊक असलेली बरी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सीटबेल्ट न लावल्यास कलम १९४ब खाली एक हजार रुपये दंड आहे, आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याशिवाय बसवल्यास तेवढाच. कलम १२३ फूटबोर्डवर किंवा गाडीच्या सांगाड्याबाहेर माणूस नेण्यास मनाई करते. तात्पुरते काढलेले दार म्हणजे फेरफार नव्हे, असा वाद मालक घालतात. पण तो रस्त्यावर उभे राहून पोलिसाशी किंवा अपघातानंतर विमा कंपनीशी घालायचा असेल, तर मालकाची बाजू लंगडीच पडते.

मोडनिंबला ही सगळी चर्चा जास्त धारदार होते ती गावाच्या जागेमुळे. माढा तालुक्यातले हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. शिवारात गाडी फिरवायला मुरमाचे माळ, कॅनॉलच्या पट्ट्या, ओढे, पाणंद रस्ते असे सगळे हाताशी आहे. पण गावातून शिवारात जायचे तर बऱ्याच वस्त्यांना चौपदरी रस्ता ओलांडावा लागतो, किंवा सर्व्हिस रोडवरून थोडे अंतर जावे लागते. हे थोडे अंतरच घातक. शेतात ताशी दहा-पंधराने चालणारी उघडी गाडी जेव्हा ट्रॅव्हल्स आणि कंटेनरच्या शेजारी येते, तेव्हा जड वाहनाच्या बाजूने उसळणारा वारा चालकाच्या अंगावर थेट आदळतो, डोळ्यांत खडीची कच जाते आणि मागचे काही दिसत नाही. त्यावर उपाय एकच खात्रीचा आहे: दारे घरी काढायची नाहीत, शेतावर काढायची, आणि परत निघण्यापूर्वी शेतावरच बसवायची. ज्याच्या वस्तीवर दारे ठेवायला कोरडी, कुलूपबंद खोली नाही त्याने दारे काढण्याच्या भानगडीत पडू नये.

गाळपाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून पुढचे काही महिने, आतल्या रस्त्यांचाही भरवसा धरता येत नाही. उजनीच्या पाण्यामुळे या तालुक्यात ऊस भरपूर आणि कारखानेही जवळ. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अरुंद डांबरी रस्त्यावरून जातात. मोळ्यांतून बाहेर आलेली उसाची टोके ट्रॉलीच्या रुंदीच्या बरीच बाहेर असतात आणि नेमकी चालकाच्या खांद्या-चेहऱ्याच्या उंचीवर येतात. बंद दाराच्या गाडीला त्यांचा ओरखडा पडतो. उघड्या गाडीत डोळा जाऊ शकतो. समोरून ट्रॉली आली की बिनदाराच्या गाडीने रस्ता सोडून उभे राहावे, आणि मागच्या ट्रॉलीचे शेपूट गेल्याशिवाय हलू नये. रात्री तर उघडी गाडी या रस्त्यांवर आणूच नये. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असे नाही आणि बाहेर आलेला ऊस हेडलाइटमध्ये उशिरा दिसतो.

पाणंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेडी बाभूळ आणि बोरीची झुडपे दाटलेली असतात. दार नसले की त्यांचे काटे सरळ दंडावर आणि गुडघ्यावर येतात. कोपर बाहेर टेकवून किंवा डावा पाय उंबऱ्यावर ठेवून बसण्याचा मोह इथे अंगाशी येतो, कारण बांधाचा दगड किंवा तोडलेल्या झाडाचा खुंट गवतात दडलेला असतो. लांब बाह्यांचा सदरा, पायात बूट आणि डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा एवढे तरी हवेच. खांद्यावरचे उपरणे, ओढणी, साडीचा पदर यांची काळजी फार घ्यावी लागते. वाऱ्याने बाहेर गेलेले टोक मागच्या चाकात गुंतले की क्षणात गळ्याला फास बसतो. पदर कमरेला खोचून, ओढणी काढून, मगच गाडीत बसवावे. आणि हे सांगताना संकोच करू नये.

मुलांना बिनदाराच्या गाडीत घेऊच नये. पट्टा प्रौढांच्या मापाचा असतो, लहान मूल त्याखालून सरकते. आजोबांच्या मांडीवर बसलेल्या नातवाला पकडून ठेवण्याची ताकद कोणाच्याही हातांत नसते. मागच्या बाजूला समोरासमोर बाके असलेल्या जुन्या जीपमध्ये, मागचे फळकट उघडे ठेवून माणसे भरणे हे त्याहून वाईट. वरातीत आणि मिरवणुकीत असे सर्रास होते. चालण्याच्या वेगाने जाणारी मिरवणूक म्हणून ते निभावते, पण तीच माणसे तशाच गाडीतून रात्री परत निघतात तेव्हा वेग चालण्याचा राहिलेला नसतो.

उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर जातो. उघड्या गाडीत वारा लागतो म्हणून बरे वाटते, पण तो तापलेला वारा अंगातले पाणी झपाट्याने ओढून घेतो. पाण्याची बाटली चालकाच्या पायाशी मोकळी ठेवू नये. ती ब्रेकच्या पायपट्टीखाली सरकते. मोबाइल, कागदपत्रे, पाने-हातोडी हे सगळे झाकणाच्या पेटीत जावे. पावसाळ्यात काळ्या रानात शिरलेली गाडी चाकांनी चिखल थेट आत फेकते. ओल्या चिखलाने पायपट्ट्या बुळबुळीत होतात आणि ब्रेकवरून बूट घसरतो, म्हणून मृगापासून पुढे दारे जागेवर असावीत. उसाच्या कडेला रात्रभर उघडी ठेवलेली गाडी सकाळी लगेच सुरू करू नये. आधी काठीने पायाखालची जागा आणि सीटखालचा कोपरा हलवून पाहावा. उबेला साप येऊन बसतो.

दार काढण्याचे काम दोन माणसांचे आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढून, बॅटरीची ऋण तार सोडवून, आधी तारांचा प्लग आणि दार अडवणारी पट्टी सोडवावी, मग बिजागरीचे बोल्ट. एकाने दार खालून पेलून धरावे, नाहीतर एका बिजागरीचा शेवटचा बोल्ट निघताच दाराचे सगळे ओझे दुसऱ्या बिजागरीवर येते आणि ती वाकते. वाकलेल्या बिजागरीचे दार पुन्हा कधी नीट मिटत नाही. डाव्या-उजव्या दाराचे बोल्ट आणि वायसर वेगवेगळ्या पिशव्यांत, नाव लिहून ठेवावेत. गाडीकडच्या प्लगच्या तोंडाला चिकटपट्टी लावून धूळ रोखावी. दारे गोणपाट किंवा जुन्या गोधडीवर उभी, काचेची बाजू भिंतीकडे करून ठेवावीत. शेतात फिरतानाही मागचे दिसावे म्हणून काचेच्या खांबाला पकडणारे सुटे आरसे मिळतात, ते लावावेत.

परत बसवताना उलट क्रम. दार दोन टप्प्यांत मिटते, आणि पहिल्या टप्प्यावर अडकलेले दार मिटल्यासारखेच दिसते. म्हणून बाहेरून ओढून पाहावे. काच वर-खाली करून, कुलूप लावून-काढून, आरसा जुळवून, दार उघडल्याचा दिवा विझला की नाही ते पाहावे. बोल्ट आवळलेले असले तरी कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर गेल्यावर ते पुन्हा एकदा पान्याने तपासावेत आणि मगच गाडी महामार्गाकडे वळवावी.