पळस फुलला, की शिंका का येतात?

प्रश्न : फाल्गुनात पळस फुलला, की मला सकाळी शिंकांवर शिंका येतात, नाक वाहते, डोळे खाजतात. अंगणातील पळस तोडावा काय?
— एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

उत्तर : पळस तोडण्याचे काहीच प्रयोजन नाही, कारण ज्या वृक्षाची फुले पक्ष्यांना मधासाठी आमंत्रित करतात, त्याचे परागकण वाऱ्यावर सहसा दूर जात नाहीत, आणि आपला उपद्रव बहुधा त्याच सुमारास निष्पर्ण अवस्थेत फुलणाऱ्या वावळासारख्या वृक्षांच्या वायुवाहित परागांमुळे, तसेच मोहफुले वेचण्यासाठी जाळलेल्या पालापाचोळ्याच्या धुरामुळे होत असावा. म्हणून सकाळी खिडक्या बंद ठेवाव्यात, बाहेर जाताना नाकातोंडावर दुपट्टा वा मास्क बांधावा, परतल्यावर तोंड धुऊन कपडे बदलावेत, आणि उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. एवढ्या तजविजीने भागले नाही, तर सेटिरिझिनसारखी गोळी किंवा नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. गोळीने झोप येऊ शकते, म्हणून ती घेऊन वाहन चालवू नये. मात्र छातीत घरघर होऊ लागली वा धाप लागली, तर दम्याची शंका घेऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे. चिंता नसावी, नियमित उपचाराने हा विकार बहुतांशी आटोक्यात राहतो.