धर्माचा अभ्यास करायला निघालेल्या भाचीस

पालघर

चि. भाचीस,



तुझी पीएच.डी.ची नोंदणी झाल्याचं दादानं फोनवर सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, ‘धर्माचा अभ्यास करून पुढे काय?’ तारापूर एमआयडीसीत इतकी वर्षं पाळ्या केलेल्या बापानं हा प्रश्न विचारणारच, त्याच्यावर रागावू नकोस. पोटापाण्याचं मी शेवटी लिहिते. तू पाठवलेला आराखडा मात्र दोनदा वाचला, आणि आधी त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे धर्म हा विषय सहसा एका छपराखाली मिळत नाही. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात 1960च्या दशकापासून धर्माध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रात मात्र बुद्ध सापडतो पाली विभागात, उपनिषदं संस्कृत आणि तत्त्वज्ञानात, तुकोबा मराठीत, लेणी पुरातत्त्वात आणि वारल्यांचे देव समाजशास्त्रात. जो तो आपल्या वाट्याचा तुकडा घेऊन बसलेला. तू एका विभागात नाव घातलंस तरी बाकीच्यांच्या वर्गात जाऊन बस. परवानगी माग, मागच्या बाकावर बस, वही काढ. मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत ही सोय आहे आणि ती वापरणारे विद्यार्थी फार थोडे असतात. पाली थोडी तरी शीक. मोडी शीक. आणि वारली बोली शीक, कारण तिचा वर्ग कुठेच भरत नाही.

आता आराखडा. त्यात सिद्धान्ताला चाळीस पानं आणि डहाणू-तलासरीला सहा. ‘लोकदैवतांचे संस्कृतीकरण’ ही चौकट तू आधीच ठरवून टाकली आहेस, आता त्यात बसणारे देव शोधायला निघाली आहेस. असं करू नकोस. चौकट घेऊन पाड्यावर गेलीस की भगत जे सांगेल त्यातलं चौकटीत मावेल तेवढंच तुझ्या कानात शिरेल. हिरवा, हिमाय, नारनदेव, कणसरी, वाघदेव यांच्यापुढे लगेच कंस करून ‘शिवाचे रूप’, ‘लक्ष्मीचे रूप’ असं लिहिणारे प्रबंध मी तपासले आहेत. तो कंस लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि वर्षाची मेहनत तिथेच संपते.

वारल्यांच्या लग्नाचंच घे. भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात, चौकात पालघट देवी असते, आणि लग्न लावते ती धवलेरी, गाण्यांतून. के. जे. सावे यांचं ‘द वारलीज’ 1945 साली निघालं, यशोधरा डालमियांचं ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ 1988 साली. दोन्ही वाच, नीट वाच. पण सावे यांचं पुस्तक निघालं त्याच 1945च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला वारल्यांची परिषद भरली होती, वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथा मोडायला. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचलणारा आणि ते फिटेपर्यंत बायकोसह त्याच्याकडे राबणारा माणूस. पैसे बहुधा फिटतच नसत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच वारली मेले.

म्हणजे बघ, लग्न एकच. धर्माच्या अभ्यासकाला त्यात चौक दिसला, चळवळीला कर्ज दिसलं. धवलेरी गात होती तेव्हा घरात दोन्ही गोष्टी होत्या. सावकाराच्या पैशानं आलेल्या तांदळाच्याच पिठानं भिंतीवर देवी लिहिली जात असेल, तर त्या देवीचा अभ्यास सावकाराला वगळून कसा करायचा? मला तुझ्याकडून हवं आहे ते हे, की दोन्ही एका पानावर आण. आजवर फार थोड्यांनी हे केलं आहे. देवाधर्माचं पान वेगळं आणि जमीन-जंगलाचं वेगळं, ही सोय विद्यापीठाची आहे, पाड्यावरच्या माणसाची नाही.

हे करून दाखवणारी माणसं आपल्याकडे झाली आहेत. गुंथर सोंथायमर मूळचे कायद्याचे अभ्यासक, पण धनगरांबरोबर राहिले, त्यांच्या ओव्या ऐकल्या, आणि बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबावरचा त्यांचा 1976चा ग्रंथ मेंढपाळाच्या वाटा धरून चालतो. रा. चिं. ढेऱ्यांना विद्यापीठाची खुर्ची नव्हती. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा 1984चा ग्रंथ त्यांनी विभागाबाहेर राहून लिहिला, आणि आज कोणत्याही विभागाला तो वगळून पुढे जाता येत नाही. त्याहून जवळचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचं टेकाड खणलं, त्यात बौद्ध स्तूप आणि अवशेषपात्रं निघाली. गावातले लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. शोध एवढा मोठा लागल्यावर दुसऱ्या कोणी ते गावठी नाव गाळून टाकलं असतं, पंडितांनी ते नोंदवून ठेवलं. म्हणूनच आज आपल्याला विचारता येतं, की स्तूप विसरला गेल्यावर इतकी शतकं लोकांनी त्या जागेला काय मानलं. हा प्रश्न अजून कोणी नीट हाताळलेला नाही, तेवढं ध्यानात ठेव.

तू विचारलं होतंस, देव मानणाऱ्यानं धर्माचा अभ्यास करावा की न मानणाऱ्यानं. विभागात यावर तुझी परीक्षा घेणारे भेटतील, दोन्ही बाजूंचे. त्यांना उत्तर देत बसू नकोस. पालघरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते सोनोपंत दांडेकर आपल्याच तालुक्यातल्या माहीमचे. पुण्यात तत्त्वज्ञान शिकवलं, स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि तेच विष्णुबुवा जोगांच्या परंपरेतले कीर्तनकार, वारीला चालणारे, ज्ञानेश्वरीचे संपादक. दुसऱ्या टोकाला दा. ध. कोसंबी. देवावर तिळमात्र श्रद्धा नसलेला हा गणितज्ञ पुण्याच्या आसपासच्या डोंगरवाटा तुडवत शेंदूर लावलेले दगड मोजत हिंडला आणि त्यातून ‘मिथ अँड रिॲलिटी’ लिहून गेला. एकाची श्रद्धा आणि दुसऱ्याची अश्रद्धा, दोन्ही मेहनतीच्या आड आल्या नाहीत. तुझं मन कुठे आहे ते तुझ्यापाशी राहू दे. समोरच्या बाईनं नवसाची गोष्ट सांगितली तर ती खरी की खोटी हे ठरवायला तू गेलेली नाहीस. तिनं नवस कशासाठी केला, कोणापुढे केला, फेडला कसा, आणि फिटला नाही तेव्हा काय झालं, हे विचारायला गेली आहेस.

विषय बदलायचा विचार करणार असशील तर एक सुचवते. तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचे पहिले दोन संच 1969 साली सुरू झाले, तिसरा आणि चौथा 2005-06 मध्ये. या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाबद्दल कोर्टकचेऱ्या झाल्या, घरांबद्दल आणि नोकऱ्यांबद्दल लिहिलं गेलं. पण गाव उठतं तेव्हा गावदेवाचं काय होतं? नव्या जागी देव कुठे बसवायचा हे कोणी ठरवलं? कौल लावला का, आणि कोणाला? मानाची घरं पांगली तर मान कोणाकडे गेला? नारळी पौर्णिमेला समुद्रापर्यंत जायला आता किती चालावं लागतं? हे प्रश्न तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत, आणि जुनं गाव पाहिलेली म्हातारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. पोथ्या ग्रंथालयात थांबतील, ही माणसं थांबणार नाहीत. बोईसरच्या कामगारवस्त्यांत उत्तर भारतातून आलेल्यांची छठ पूजा होते, त्यावरही एक प्रबंध सहज उभा राहील. पण मला विचारशील तर आधी अक्करपट्टी.

माणसांत कसं जायचं, हे कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत. 16 एप्रिल 2020च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, डहाणू तालुक्यात गडचिंचल्याला मुलं पळवणारे आल्याच्या अफवेतून जमावानं दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना मारून टाकलं. त्यानंतर कित्येक महिने आपल्या जिल्ह्याच्या धर्माबद्दल देशभर बोललं गेलं, आणि बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी इथला एकही पाडा पाहिलेला नव्हता. ती जखम अजून ओली आहे. म्हणून पाड्यावर अनोळखी म्हणून कधीच जाऊ नकोस. आशाताई, शाळेतले गुरुजी, सरपंच, कोणाला तरी सोबत घे, काय करतेस ते साध्या भाषेत सांग, आणि फोनचं रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय सुरू करू नकोस. नाही म्हणाले तर परत फीर. तारापूरच्या अग्यारीत पारशांशिवाय कोणाला प्रवेश नाही. तिच्याबद्दल लिहायचं झालं तर बाहेरून जेवढं कळेल तेवढंच लिही, आत काय असेल याची कल्पना रंगवू नकोस. ज्याचा देव आहे त्यानं दार लावून घेतलं तर तो त्याचा हक्क आहे.

आणि लिहून झाल्यावर? 5 जानेवारी 2004ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून. हस्तलिखितांची नासधूस झाली, ती कुठल्याही कारणानं समर्थनीय नाही, हे मी स्पष्ट म्हणते. पण त्या पुस्तकात छापली गेली तसली ऐकीव कुजबुज म्हणजे पुरावा नव्हे, हेही तितकंच स्पष्ट म्हणते. प्रत्येक वाक्याखाली कोणी सांगितलं, कुठे, कधी, हे तुझ्या वहीत असलं पाहिजे. मग कोणी दटावलं तरी वाक्य मागे घेऊ नकोस.

आता पोटापाण्याचं. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, असा यूजीसीचा 2022चा नियम आहे. जेआरएफ मिळाली तर महिना 37,000 रुपये, पण ते दर महिन्याला वेळेवर हातात येतील असं धरून चालू नकोस, चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेव. पदवीनंतर बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागतील आणि त्या मानधनावर घर चालत नाही. हे दादाला मी सांगितलं आहे, तूही लपवू नकोस. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणारे तुला मेल पाठवतील. त्यांच्याकडे एकही पान देऊ नकोस, तिथे छापलेलं नाव पुढे पुसता येत नाही. गाइडशी मतभेद झाला तर लेखी टिपण दे, कॅन्टीनमध्ये बोलू नकोस. डहाणू लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर वाच, नाही मिळाली तर ऐक. तुझ्या विषयातली निम्मी माणसं त्याच डब्यात असतात.

प्रबंधाचा पहिला मसुदा झाला की गाइडच्या आधी तो गावात नेऊन वाचून दाखव, मराठीत. ज्यांनी सांगितलं त्यांना तो पटला नाही तर दुरुस्त कर, आणि दुरुस्ती पटली नाही तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत शेजारी छाप.

वाघबारशीला पाड्यावर जायचं म्हणत होतीस. त्याला आठ दिवस आधी निरोप द्यावा लागतो. तेव्हा तारीख लवकर कळव, मी गुरुजींशी बोलून ठेवते.

तुझी,
आत्या